घरटी एक माणूस

पडदा वर जातो. मंचावर तलाव आहे, पण तो दिसत नाही. दिसते ती बेशरम. पुरुषभर उंचीची, फिक्या जांभळ्या फुलांची ही झुडपं चिचटोल्याच्या तलावात काठापासून पार मध्यापर्यंत अशी दाटली आहेत की बगळासुद्धा कुठे उतरावं याचा आधी विचार करतो. मागच्या पडद्यावर साग आणि मोह. त्यापलीकडे कुठेतरी नवेगाव बांधचा मोठा तलाव, ज्याला पाहायला नागपूरहून गाड्या येतात. चिचटोल्याच्या तलावाला पाहायला कोणी येत नाही. डाव्या हाताला तीन घाट आहेत : वरचा गावाचा, मधला ढोरांचा, आणि ढोरांच्याही खालचा बौद्ध वस्तीचा. साल दोन हजार सहा, फेब्रुवारी महिना, सकाळचे दहा, उजेड भरपूर. उजव्या विंगेतून देवकाबाई प्रवेश करते. डावीकडूनही आली असती, पण तिकडे चिखल आहे.

देवकाबाई अंगणवाडीत मदतनीस होती. वय छप्पन्न. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, एकुलती मुलगी लग्न होऊन सालेकशाला गेलेली. मदतनिसाची कामं तशी पुष्कळ, पण तिचं खरं काम होतं हाक मारणं. बावीस वर्षं रोज सकाळी ती दारोदार जाऊन लेकरं गोळा करत आली होती. आवाज असा की तो पिंपळाखालून सुटला की शेवटच्या घरातलं लेकरू रडणं थांबवून चड्डी शोधायला लागे. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकाला तेव्हा मायक्रोफोन नसता, तर कंपनीवाल्यांनी तिला पळवून नेलं असतं.

तलावाशी तिचं नातं वरच्या घाटाचं होतं. एकोणीसशे सत्तावन्न साली, म्हणजे दीक्षेच्या दुसऱ्या वर्षी, तिचा बाप तिला खांद्यावर घेऊन खालच्या घाटावर न थांबता, ढोरांच्या घाटावर न थांबता, सरळ वरच्या घाटावर गेला आणि तिला त्यानं तिथं आंघोळ घातली. सात वर्षांची पोर. चार-पाच जण अर्धी धुणी तशीच टाकून उठून गेले. बापानं इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरं झालं, जागा झाली." एवढंच. पुढे त्या खालच्या घाटावर हळूहळू कोणी जाईनासं झालं. आता दोन हजार सहा सालात बेशरमनं तर काहीच भेदभाव ठेवला नव्हता. तिन्ही घाट सारखेच गिळले होते.

संकट होतं ते वेगळंच. सरपंच बिसरामजींनी ग्रामसभेत ठराव मांडला होता की अर्ध्या तलावात मुरूम टाकून धानाचं गोदाम बांधावं. बिसरामजी वाईट माणूस नव्हता. त्याला गोदाम हवं होतं आणि मोकळी जागा दिसत होती.

देवकाबाई सभेत उभी राहिली. "तलाव काऊन बुजवता जी?"

"तलाव हाय कुठं वो देवकाबाई?" सरपंच म्हणाला. "दाखवा मले. दाखवला त नाही बुजवत."

आता तलाव दाखवायचा म्हणजे आधी बेशरम काढायला हवी. तो तिला दाखवता आला नाही. शेवटी सरपंचानं एका वर्षाची मुदत दिली. पुढच्या वर्षीच्या एक मेच्या सभेपर्यंत एखादी संस्था गावामागे उभी आहे असं शिक्क्याचं पत्र आणा. नाहीतर मुरमाचे ट्रॅक्टर येतील. देवकाबाई गोंदियाला गेली आणि तिसऱ्या चकरेत हिमांशूला घेऊन आली.

हिमांशू हा गोंदियाचा मुलगा, 'शेजार-निसर्ग मंडळ' नावाची संस्था चालवायचा. अंगात खादीचा कुडता, बोलणं अर्धं हिंदी अर्धं मराठी, हेतू पूर्ण स्वच्छ. तो पिंपळाच्या पारावर बसला आणि त्यानं देवकाबाईला योजना समजावली. गावात पाच अभिरुची गट काढायचे : पक्षी, पाणवनस्पती, देशी बियाणं, गांडूळ खत आणि सूर्यचूल. एका गटात निदान सात जण. वर्षाच्या शेवटी नागपूरहून मॅडम येऊन पाहणार. गट चालले तर पत्र, नाही चालले तर संस्था दुसऱ्या गावी.

"देखो मौसी, नियम एकच आहे. जबरदस्ती नाही. ज्याला ज्याची आवड, तो त्या गटात."

"आवड वळखाची कशी?"

"विचारायचं. तुम्हाला कशाची आवड आहे? बस."

देवकाबाईनं विचारायला सुरुवात केली. पहिलं घर उदारामचं. म्हातारा अंगणात दोर वळत बसला होता, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"उदारामजी, तुमाले कायची आवड हाय?"

उदारामचा हात थांबला. "मले? काऊन, काय झालं?"

"काही नाही झालं. इचारून राहिलो."

"पन मीच काऊन सापडलो तुले?"

दुसऱ्या घरी शकुंतलाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि हळूच विचारलं, "कोनी काही म्हनलं काय वो माह्याबद्दल?" तिसऱ्या घरचा गडी म्हणाला की आवड तर भरपूर आहे, पण बायकोला विचारून सांगतो. चौथ्या दारात देवकाबाई नुसतीच उभी राहिली. बावीस वर्षांत तिला एक गोष्ट कळली होती : ज्या प्रश्नाला दार उघडत नाही, तो प्रश्न बदलावा. तिनं श्वास घेतला आणि गावाला समजेल अशी हाक मारली.

"तलावाचं काम हाय वो! इतवारी घरटी एक मानूस पाठवा!"

घरटी एक माणूस. हा चिचटोल्याचा जुना रिवाज. पाट साफ करायचा असो, मंडईचा मांडव घालायचा असो की मयताची लाकडं फोडायची असोत, दर घरातून एक माणूस यायचा. कोण यायचा हे कोणी विचारत नसे. बारी, म्हणजे पाळी, घराची असे, माणसाची नाही. फक्त ज्या घरात एकटीच बाई आहे त्या घराची बारी माफ.

रविवारी बेचाळीस घरांच्या गावातून अडतीस माणसं आली. चार घरांची बारी माफ होती. त्यातलं एक खुद्द देवकाबाईचं.

हिमांशूचे डोळे भरून आले. "मौसी, कमाल केली! अडतीस वॉलंटियर!" त्यानं सगळ्यांना आपापल्या आवडीच्या गटात बसायला सांगितलं. कोणी हललं नाही. शेवटी जे जिथं बसले होते तिथेच गट पडले. पिंपळाखालचे पक्ष्यांच्या गटात गेले, उकिरड्याजवळचे खतात, आणि उशिरा आल्यामुळे ज्यांना सावली मिळाली नव्हती ते सूर्यचुलीत. सूर्यचुलीच्या गटात आठ पुरुष होते. त्यांपैकी एकानंही आयुष्यात चूल पेटवली नव्हती. उदाराम, मोतीबिंदूसकट, पक्षीनिरीक्षणात गेला.

हिमांशूनं पाच पिवळी रजिस्टरं दिली. प्रत्येक माणसाचं नाव, वय, आवड. पहिल्या पानावर संयोजकाचं नाव आणि खाली 'संयोजकाची आवड' अशी एक ओळ. देवकाबाईनं सगळ्यांची माहिती भरली आणि ती ओळ मोकळी ठेवली.

"तुमची आवड, मौसी?"

"मंग भरतो."

दुसऱ्या रविवारी हजेरी झाली. देवकाबाईनं पुकारलं, "उदाराम!" आणि "हाजीर!" असं उत्तर आलं ते त्याच्या सुनेकडून. मोनाली, वय एकोणीस, हातात हिरवा चुडा. देवकाबाईनं उदारामपुढे खूण केली. तिला यात काहीच वावगं वाटलं नाही, आणि वाटावं तरी का? दंडारीत राधा करणारा गडी आजारी पडला तर दुसरा गडी लुगडं नेसतो. गडी आजारी पडतो, राधा पडत नाही. खेळ ठरल्या वेळी होतो आणि प्रेक्षक मिशीकडे लक्ष न देता रडायचं तिथं रडतात.

तर वर्षभर असं चाललं. हिमांशू महिन्यातून एकदा यायचा, खुणा मोजायचा आणि खूश होऊन जायचा. गटांची कामंही होत. गांडुळं वाढली. सूर्यचुलीत एकदा भात शिजला. तो पाहायला शेजारच्या गावचे लोक आले. घरातून उदाराम आला की तो काठावर बसून नुसत्या आवाजावरून पक्षी सांगायचा. तो म्हणाला अडई, की झुडपामागून अडईच उडायची. पण गट कोणताही असो, देवकाबाई सगळ्यांना शेवटी तलावात उतरवायचीच. बेशरम वरून कापली तर दुप्पट फुटते. ती चिखलात हात घालून मुळासकट काढावी लागते. तोडलं की चीक उडतो, अंगाला खाज सुटते. रविवारी दुपारपर्यंत जेवढी निघे, त्यातली निम्मी पुढच्या रविवारपर्यंत परत डोकं काढी. दिवाळीपर्यंत वरच्या घाटापुढे खळ्याएवढं पाणी मोकळं झालं. सरपंच येऊन ते पाहून गेला आणि म्हणाला, "खळं हाय हे. तलाव कुठं हाय?"

या सगळ्यात एक बाई होती, जिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. रुक्माबाई. पासष्टीची, ढिवराची, मासोळ्या विकून जगलेली, मागेपुढे कोणी नाही. पहिल्याच रविवारी ती लुगडं खोचून पाण्यात उतरली होती. चाहुलीवरून ओळखून उदाराम काठावरून ओरडला होता, "रुक्माबाई, तुमची बारी माफ हाय. घरी जा."

"मले ठावं हाय," ती म्हणाली आणि एक झुडूप उपटलं.

ती सोमवारीही आली. मंगळवारीही. देवकाबाई अंगणवाडीला जाता-येता तिला पाहायची. एकदा तिनं काठावरून विचारलं, "रुक्माबाई, तुमाले कायची आवड हाय?"

"उपटाले."

"काय उपटाले?"

"आता हेच हाय समोर."

उपटण्याचा गट पाचांमध्ये नव्हता, आणि माफ घराचं नाव रजिस्टरात चढत नव्हतं. देवकाबाईनं काही लिहिलं नाही.

एप्रिल दोन हजार सात. दुसरा अंक म्हणा. पिंपळाखाली खुर्च्या मांडल्या आहेत. एका खुर्चीत नागपूरच्या अल्काताई : केस पांढरे, चष्मा जाड, स्वभाव सरळ. एका खुर्चीत सरपंच बिसरामजी, कारण पत्र मिळतं की नाही ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. हिमांशू उभा. देवकाबाई पाराच्या कडेला, पाचही रजिस्टरं मांडीवर. रात्रभर तिला एकच दिसत होतं : वरच्या घाटावर ट्रॅक्टर मागे-मागे येतो आहे आणि ट्रॉली उचलतो आहे.

अल्काताईंनी पक्षी गटाचं रजिस्टर मागून घेतलं आणि स्वतः हजेरी घ्यायला सुरुवात केली.

"उदाराम."

"हाजीर," मोनाली म्हणाली.

अल्काताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "उदाराम तुम्ही?"

"हो जी."

"वय बासष्ट?"

मोनालीनं जरा विचार केला. "घराचं त्याहून जास्त असन जी."

"आणि पक्ष्यांची आवड?"

"ते मामाजीले हाय. मामाजी आज मोहं वेचाले गेले, म्हनून मी आलो."

"शकुंतलाबाई."

एक भरघोस मिशीचा माणूस उठून उभा राहिला. "हाजीर."

हिमांशू आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे पाहू लागला. अल्काताईंनी आणखी चार नावं पुकारली. चारही हजर होती आणि चारही दुसरीच होती. त्यांनी रजिस्टर मिटलं.

"हिमांशू, ही माणसं नाहीत. ही घरं आहेत."

देवकाबाई उठली. "ताई, चूक माही हाय. ह्यानं आवड इचाराले सांगतली होती. मी इचारलीबी. पन लोकं घाबरले जी. मंग मी बारी लावली. मानूस बिमार पडते, सासरी जाते, मरते. घर कुठं जात नाही. म्हनून घर लिवलं."

"ते कळलं," अल्काताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "पण स्वयंसेवक म्हणजे बोलावल्याशिवाय आलेला माणूस. बारी नसताना, स्वतःहून आलेलं कोणी आहे का इथे?"

अडतीस माणसं एकमेकांकडे पाहू लागली. यातली निम्मी देवकाबाईच्या अंगणवाडीतून बाहेर पडलेली होती. तिनं नुसती भुवई उचलली असती तरी दहा हात वर गेले असते. लहानपणी जात असत तसेच. तिला ते ठाऊक होतं. मिशीवाला तर हात अर्धा उचलून तिच्याकडे पाहतही होता. तिनं मान हलवून त्याला हात खाली घ्यायला लावला.

"नाही जी," ती म्हणाली. "इथं बसलेल्यात कोनीच नाही."

सरपंचानं घसा साफ केला. तेवढ्यात तलावाकडून आवाज आला. चिखलातून काहीतरी ओढून काढल्याचा आणि मग पाण्यात पडल्याचा.

"तिकडे कोण आहे?" अल्काताईंनी विचारलं.

"ते रुक्माबाई. मीटिंगले येत नाही ते."

"कोणत्या गटात आहेत?"

"कोनत्याच नाही."

"का?"

"त्यायची बारी माफ हाय."

अल्काताई उठल्या. चपला हातात घेऊन वरच्या घाटाच्या पायऱ्या उतरल्या. मागोमाग सगळा गाव. रुक्माबाई गुडघाभर पाण्यात होती. तिनं वर पाहिलं, माणसं मोजल्यासारखी पाहिली, आणि परत खाली वाकली.

"आजी, तुम्हाला कोणी बोलावलं?"

"कोनी नाही."

"मग हे का करता?"

"तुमी कोन?"

"मी नागपूरहून आले."

"मंग बाजूले व्हा माय, चीक उडते डोयात."

अल्काताई बाजूला झाल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. मग पायरीवरच बसून त्यांनी हिमांशूकडून संस्थेचा कोरा कागद मागितला आणि लिहिलं : 'चिचटोला येथे मंडळाचा एक अभिरुची गट मनापासून कार्यरत आहे. तलावाच्या कामात मंडळ गावासोबत राहील.'

हिमांशू हळूच म्हणाला, "मॅडम, नियम सातचा आहे."

"नियम कोणी केला?"

"मी."

"मग शिक्का मार."

सरपंचानं पत्र दोनदा वाचलं. "एक गट म्हनते. किती लोकायचा हाय हा गट?"

"मोजून घ्या जी," देवकाबाई म्हणाली. "तलावातच हाय."

सरपंचानं तलावाकडे पाहिलं. तिथं एकच बाई होती. पण आता मोनाली पदर खोचून उतरत होती. तिच्यामागे मिशीवाला. मग सूर्यचुलीचे आठही पुरुष. कोणाला स्फुरण चढलं होतं असं समजू नका. बारी दुपारपर्यंत असते, आणि अजून साडेदहाच वाजले होते. सरपंच एकोणचाळीसपर्यंत मोजत गेला, पत्राची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, "गोदामाले सडकेकडची पडीक जागा पाहू."

त्यानंतर देवकाबाईनं रजिस्टरं नव्यानं आखली. नावाच्या जागी घर, आणि शेवटी एक जादा पान : 'बारी नाही, तरी आले.' पहिल्या वर्षी त्या पानावर एकच नाव होतं. दोन हजार दहापर्यंत अकरा झाली. त्यात मोनाली होती. मिशीवाला नव्हता, तो म्हणे की बारी आहे तेवढी पुरे. त्याच साली बेशरमचं शेवटचं बेट निघालं आणि खालच्या घाटापासून वरच्या घाटापर्यंत कमळं आली. उदारामच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. घरच्यांनी त्याला हाताला धरून काठावर नेलं आणि अडईंचा थवा दाखवला. तो पुष्कळ वेळ पाहत राहिला. "आवाजावरून मोठ्या वाटत होत्या," म्हणाला.

देवकाबाई दोन हजार चौदाच्या जानेवारीत गेली. रविवार होता. सकाळी हजेरी घेता घेता ती रजिस्टर काठावर ठेवून गावात गेली आणि उदारामच्या अंगणात कोसळली. गोंदियाच्या दवाखान्यात दोन दिवस होती, पण बोलली नाही.

रंगभूमीवर हे सोपं असतं. शेवटचं वाक्य लेखक लिहून देतो, नट ते सवडीनं म्हणतो, आणि मगच मरतो. गावाला मात्र ते स्वतः जमवावं लागलं. शोकसभेत सरपंच म्हणाला की बाईंचे अखेरचे शब्द 'तलाव जपा' असे होते. कोणी म्हणालं, 'जय भीम' म्हणाली. हिमांशूनं रजिस्टरचं पहिलं पान उघडून 'संयोजकाची आवड' ही ओळ वाचायला घेतली. ती मोकळीच होती, म्हणून तो खाली बसला. रुक्माबाई सभेला आली नव्हती. ती तलावात होती.

मोनाली मागे बसली होती. तिला कोणी विचारलं नाही, म्हणून ती काही बोलली नाही. पण त्या सकाळी ती चुलीपुढे होती. त्या रविवारी त्यांच्या घरचं अजून कोणी तलावावर गेलं नव्हतं. देवकाबाई अंगणात आली, खांबाला हात टेकून उभी राहिली आणि तिनं हाक मारली. ती हाक मोनालीनं शब्दन् शब्द ऐकली होती.

"उदारामजी वो! आज तुमची बारी हाय. कोनीबी पाठवा, पन पाठवा."